पावगुण्या हेडन

पेंट्रेवेन या आमच्या वेल्श खाणगावात एकदा टोपणनाव पडलं की ते माणसाबरोबर थेट थडग्यापर्यंत जातं. खोऱ्यात निम्मे लोक ईव्हान्स, उरलेले जोन्स नाहीतर डेव्हिस, मग ओळखायचं कसं? म्हणून कुणी जोन्स कोळसा, कुणी ईव्हान्स टपाल. एक बिचारा स्वतःच्या लग्नाच्या सुटात कालव्यात पडला, तो मरेपर्यंत डेव्हिस कालवा राहिला. त्याच्या बायकोलाही लोक मिसेस कालवा म्हणत.

हेडन ट्रेहार्नला खरं तर टोपणनावाची काही गरज नव्हती. ट्रेहार्न हे आडनाव गावात त्याच्या एकट्याचंच. शिवाय तो माणूस साधासुधा नव्हता. १९६२ साली तो बॉक्सिंगमध्ये फेदरवेट, म्हणजे हलक्या वजनाच्या, गटात अख्ख्या ब्रिटनचा विजेता झाला होता. चव्वेचाळीस लढती लढला आणि एकदाही जमिनीवर पडला नाही. दुसऱ्या एखाद्या गावाने त्याची मिरवणूक काढली असती. आमच्या गावाने त्याला नाव दिलं, पावगुण्या.

त्याचं असं झालं. त्या काळी आमच्याकडे सामन्याला एकच पंच असायचा आणि गुण देणाराही तोच. गुणसुद्धा कसे, तर अर्धा, पाव, सोनाराच्या काट्यावर तोलून द्यावेत तसे. पंधरा फेऱ्या संपल्या की पंच ज्याचा हात वर करील तो जिंकला. हेडनची किताबाची लढत होती गावातल्याच ब्रिनली प्रॉबर्टशी. हेडन वरच्या आळीचा, ब्रिन खालच्या आळीचा. सामना कार्डिफला, आणि सगळं खोरं बसगाड्या भरभरून तिकडे गेलेलं. पहिल्या सहा फेऱ्या हेडन दोन्ही हातांनी असा खेळला की वरच्या आळीतले लोक आपापसात विजेत्याचा पट्टा कुठे टांगायचा ते ठरवायला लागले. आणि सातव्या फेरीपासून त्याला काय झालं कोण जाणे. उजवा हात हनुवटीशी नेऊन ठेवला तो ठेवलाच. पुढच्या नऊ फेऱ्या तो नुसत्या डाव्या हाताने लढला. टोचायचा आणि सरकायचा, टोचायचा आणि सरकायचा. दहाव्या फेरीला लोकांनी सावकाश, एका ठेक्यात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अशी टाळी आमच्याकडे शिवीपेक्षा वाईट. शेवटी पंचाने हेडनचा हात वर केला, पाव गुणाच्या फरकाने. घरी परतताना एकाच बसमध्ये वरची आणि खालची आळी दोन्ही त्याला शिव्या देत होती, आणि अशी एकी गावात त्याआधी कधी झाली नव्हती.

दहा महिन्यांनी लंडनच्या एका तरुणाने त्याला हरवलं. तो पट्टा तीन लढती जिंकल्याशिवाय कायमचा मिळत नाही, त्यामुळे हेडनला तो परत करावा लागला. आईच्या कपाटात, चांगल्या कपबश्यांच्या मधे पट्ट्याची जागा केली होती. म्हातारीने मरेपर्यंत तिथे दुसरी बशी ठेवली नाही. हेडनने लढणं सोडलं, दुधाची गाडी घेतली, आणि बेथानिया चॅपलच्या मागच्या खोलीत पोरांना बॉक्सिंग शिकवायला लागला. सव्वीस वर्षं दूध टाकलं, छत्तीस वर्षं पोरं शिकवली. त्यातला एकही विजेता झाला नाही. "पाव गुणाचं बी पेरल्यावर झाड कसलं उगवणार?" असं लोक म्हणत आणि आपल्याच विनोदावर हसत. आमच्या गावाला विनोद सापडला की ते कुत्र्याने हाडूक धरावं तसं धरून ठेवतं, मग त्यात रस असो वा नसो.

ब्रिनली प्रॉबर्टची गोष्ट याच्या नेमकी उलटी. हरला तो ब्रिन आणि राजा झाला तोही ब्रिन. 'लुटलेला राजा' म्हणायचे त्याला. ती लढत झाल्यावर तो पुन्हा रिंगणात उतरला नाही. "जिथे न्याय नाही तिथे राहायचं कशाला?" असं तो गावच्या क्लबात म्हणाला आणि त्या एका वाक्यावर त्याची पुढची सदतीस वर्षं सुखात गेली. बाहेरगावचा कुणी क्लबात आला की दुसऱ्या मिनिटाला त्याला ब्रिनसमोर बसवलं जाई, ब्रिनपुढे बिअरचा ग्लास येई आणि ब्रिन उठून उभा राहून चौदावी फेरी करून दाखवी. माणूस लबाड नव्हता. आपण लुटले गेलो असं तो खरंच मानत होता. फक्त त्या गोष्टीतला एक तुकडा तो कधी सांगत नसे, आणि तो तुकडा त्याने बायको मेन्ना सोडून कुणाला कळू दिला नव्हता.

नव्व्याण्णव साली नगरपालिकेने जुन्या खाणीच्या जागेवर नवा क्रीडा हॉल बांधला. दारावर गावातल्या एका खेळाडूचं नाव द्यायचं ठरलं, आणि ते सुचवायचं काम आलं माजी बॉक्सरांच्या संघाकडे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ही मंडळी क्लबात जमतात. चहा होतो, सोडत निघते, त्या महिन्यात कोण गेला ते सांगून दहा वेळा घंटा वाजते आणि मग पुन्हा चहा होतो. संघाचा अध्यक्ष आयवर कॅडोगन, हेवीवेट, आवाजाने आणि पोटानेही. त्याने मागच्या बैठकीत टेबलावर थाप मारून सांगितलं, "नाव एकच. ब्रिनली प्रॉबर्ट." सगळ्यांनी टेबलं वाजवली. नगरसेविका डेलिथ रॉसर तेवढ्या म्हणाल्या, "पण विजेता तर मिस्टर ट्रेहार्न होते ना? निदान दोघांच्या कामगिरीचा एकेक कागद तरी द्या. मला वर दाखवावा लागतो."

"देऊ की," आयवर म्हणाला. "चिटणीस लिहील."

संघाचा चिटणीस ब्रिनच होता. त्याच्याखेरीज कुणाचं शुद्धलेखन धड नव्हतं.

पुढच्या बैठकीच्या आधीच्या सोमवारी सकाळपासून तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. मेन्ना तव्यावर वेल्श केक उलटत होती.

"झालं का लिहून?"

"माझी दोन पानं झाली."

"आणि हेडनची?"

"'ब्रिटिश विजेता, १९६२.' पुढे काही सुचत नाही."

"सुचेल कसं? सदतीस वर्षं त्याच्या नावावर फुकट पितोयस. तोंडात ग्लास असल्यावर माणूस बोलणार काय?"

"तू माझ्या बाजूची आहेस की त्याच्या?"

"मी तव्याच्या बाजूची आहे. एक जळला बघ तुझ्यामुळे. जा, त्यालाच विचार जाऊन. तारखा तरी देईल."

मंगळवारी दुपारी ब्रिन चॅपलच्या मागच्या खोलीत गेला. इतक्या वर्षांत त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. दूधवाला आणि गिऱ्हाईक म्हणून दोघांचं रोज सकाळी "थंडी आहे", "आहे खरी" एवढंच बोलणं होई, आणि तेवढ्यावर दोघांचीही तक्रार नव्हती. पोरं यायला अजून तासभर होता. दोरीला ठोसे मारायच्या दोन जुन्या पिशव्या टांगलेल्या, कोपऱ्यात सूर हरवलेला पियानो, आणि मधे स्टुलावर हेडन. नाक सरळ, कान जागच्या जागी, दात सगळे स्वतःचे. सहासष्ट वर्षांचा तो माणूस बॉक्सर होता हे सांगूनही पटलं नसतं. चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारा वाटायचा. त्याच्या गुडघ्यावर एक पांढरा पुठ्ठा होता आणि बारीक ब्रशने तो त्यावर काळी अक्षरं काढत होता. वर मोठं अक्षर, खाली लहान, आणखी खाली आणखी लहान. डोळे तपासायला डॉक्टरकडे असतो तसा तक्ता.

"ये," हेडन मान वर न करता म्हणाला. "चहा किटलीत आहे. दूध चांगलं आहे, आता मी टाकत नाही त्यामुळे."

ब्रिनने चहा ओतून घेतला. "हे काय काढतोयस?"

"तक्ता. महिना बदलला की अक्षरं बदलतो."

"का? जुना फाटला?"

"फाटत नाही. पाठ होतो." हेडनने ब्रश पुसला. "पोरं लबाड असतात. एक डोळा अधू असला की चांगल्या डोळ्याने आधी वाचून घेतात आणि मग दुसऱ्याच्या वेळी घडाघडा म्हणून दाखवतात. रविवारी चॅपलमध्ये वचन म्हणतात तसं."

ब्रिनने कप खाली ठेवला.

आमच्या खोऱ्यात पोराला बोलता यायला लागलं की रविवारी चॅपलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून एक वचन तोंडपाठ म्हणावं लागतं. त्याची एक ठराविक चाल असते आणि ती जन्मभर जिभेवरून उतरत नाही. १९६२ च्या उन्हाळ्यात ब्रिनच्या डाव्या डोळ्याच्या कडेला काळा पडदा सरकायला लागला होता. सरावात बसलेल्या एका ठोशाचा तो प्रसाद. डॉक्टरला कळलं असतं तर किताबाची लढत तिथेच संपली असती. मग मेन्नाने कुठूनसा तपासणीचा तक्ता मिळवला आणि रोज संध्याकाळी बटाटे सोलता सोलता त्याच्याकडून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ करून घेतला. लढतीच्या दिवशी ब्रिनने तो डॉक्टरसमोर म्हटला आणि पास झाला. हाच तो तुकडा, जो क्लबातल्या गोष्टीत कधी येत नसे.

पियानोच्या मागे जुने तक्ते भिंतीला टेकवून ठेवले होते, माणसाच्या कमरेएवढी चळत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात महिना आणि साल. ब्रिनने वाकून सगळ्यात आतला ओढून काढला. सप्टेंबर १९६३. म्हणजे हेडनने ही शिकवणी सुरू केली त्याच महिन्यातला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

हेडनने हातातलं अक्षर पुरं केलं. मग अगदी हळू, चॅपलच्या त्याच चालीवर, तो म्हणाला, "डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी."

सदतीस वर्षांपूर्वीचा ब्रिनचाच सूर होता तो.

"मी लाकडी पडद्यापलीकडे शर्ट काढून उभा होतो," हेडन म्हणाला. "तुझ्यानंतर माझाच नंबर होता. उजव्या डोळ्याने वाचलंस तेव्हा दोनदा अडखळलास. डाव्याने एकदाही नाही. वाचणारा माणूस अडखळतो, ब्रिन. पाठ म्हणणारा अडखळत नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तेच तर." हेडनने पुठ्ठा बाजूला ठेवला. "त्याचं उत्तर मला अजून चांगलं देता येत नाही. मलाही पट्टा हवा होता, गड्या. बोललो असतो तर लढत रद्द. मी मनाशी म्हटलं, आपल्याला भास झाला असेल. सहाव्या फेरीत कळलं की भास नव्हता. माझा उजवा आला, तुझ्या गालावर बसला, आणि तू दचकलास तो बसल्यावर. आधी तुझी पापणीसुद्धा हलली नाही."

"म्हणून उजवा ठेवून दिलास."

"मग काय करू? आणखी चार तसेच बसले असते तर तुझा डोळा गेला असता."

ब्रिन बाकावर टेकला. "हेडन, पाव गुणाने जिंकलास तू. पाव! माझा एक ठोसा जास्त लागला असता तर पट्टा माझा होता."

"तीच तर धास्ती होती मला." हेडन पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत म्हणाला. "तू जिंकला असतास तर पुढची लढत तुला घ्यावीच लागली असती. आणि समोरच्याला तुझ्या डोळ्याचं ठाऊक नसतं. मला जिंकणं भागच होतं. आणि डाव्यानेच. आयुष्यात एवढा घाम मला दुसऱ्या कुठल्या लढतीत आला नाही. तू डोक्याने लढणारा नव्हतास, पण बैल होतास बैल."

"आणि इतकी वर्षं मी क्लबात उभं राहून…"

"चौदावी फेरी चांगली करतोस तू. फक्त तिच्यात तू माझ्या पायावर पाय दिलास तेवढं विसरतोस."

"अरे, चेष्टा कसली करतोस! लोक पावगुण्या म्हणतात तुला. तू कुणाला बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? याने डॉक्टरला फसवलं आणि मी ते लपवलं? तुझी चूक तू लपवलीस, तुझीच चूक मीही लपवली. झाली बरोबरी. फार तर पाव गुणाचा फरक असेल." त्याने नवा तक्ता भिंतीवर टांगला आणि मागे सरकून नीट बघितला. "अकरा पोरांना घरी पाठवलं मी या तक्त्यावरून. एकाच्या बापाने याच दारात माझी गचांडी धरली होती. असो. हॉलला तुझं नाव देतायत. चांगलं झालं. तुला त्या कागदासाठी माझ्या तारखाच हव्यात ना? सांगतो, लिहून घे."

ब्रिनने वही उघडली नाही.

घरी येऊन त्याने मेन्नाला सगळं सांगितलं.

"तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा," ती म्हणाली, "महिनाभर आपल्या दारात सोनेरी झाकणाच्या, सायीच्या महागड्या दुधाच्या बाटल्या यायच्या. मी मागवल्या नव्हत्या. मला वाटलं नवा दूधवाला आहे, घरं चुकतोय."

"ऑपरेशन करणारा काय म्हणाला होता, आठवतं?"

"आठवतं की. 'नशीबवान आहात, पडद्याला आणखी धक्का बसला नाही.' आपण नशिबाचे आभार मानले आणि दूधवाल्याला नाताळात साधा केकसुद्धा दिला नाही." तिने डोळे पुसले आणि लगेच चिडली. "आणि ती अक्षरं मीच घोकून घेतली तुझ्याकडून! मीच!"

"बैठकीत सांगितलं तर नाव जाईल, मेन्ना. दारावरचंच नव्हे, सगळंच. लोक म्हणतील, लुटलेला राजा नव्हताच, लबाड होता."

"म्हणतील," मेन्ना म्हणाली. तिने त्याला धीरही दिला नाही आणि अडवलंही नाही. रविवारी सकाळी मात्र तिने त्याचा चांगला कोट ब्रशने झाडून खुर्चीवर काढून ठेवला.

क्लब भरला होता. चाळीसेक माणसं, त्यांत वाकड्या नसलेल्या नाकांची संख्या एका हातावर मोजण्यासारखी. सोडतीचा आकडा पुकारणारा गडी तोच आकडा तीनतीनदा पुकारायचा, त्याला आठवत नसे, आणि त्याबद्दल त्याला कुणी हसत नसे. हेडन नेहमीसारखा मागे, खोली तापवणाऱ्या गरम पाइपच्या शेजारी, कप घेऊन बसला होता. आयवरने ब्रिनची दोन पानं वाचून दाखवली. अशी वाचली की शेवटी स्वतःच गहिवरला. टेबलं वाजली.

"आता त्या पावगुण्याचा कागद," आयवर म्हणाला. "नियम म्हणजे नियम. वाच रे ब्रिन."

ब्रिन उभा राहिला. खिशातला कागद काढला, बघितला आणि परत ठेवला.

"एकच ओळ लिहिली आहे. बाकीचं तोंडी सांगतो. आणि मधे कुणी बोलू नका, नाहीतर मी खाली बसेन आणि पुन्हा उठणार नाही."

त्याने सांगितलं. काळा पडदा, तक्ता, बटाटे, डॉक्टर, लाकडी पडदा, सहावी फेरी, सगळं. स्वतःला कुठे सूट दिली नाही. चौदाव्या फेरीत हेडनच्या पायावर पाय दिला होता तेही सांगितलं.

"मी लुटला गेलो नव्हतो," तो म्हणाला. "मला वाचवलं होतं. आणि ज्याने वाचवलं त्याला या गावाने सदतीस वर्षं पावगुण्या म्हटलं, आणि सगळ्यात मोठ्याने मी."

"अरे ब्रिन," आयवर घसा खाकरत म्हणाला, "तुझं मन मोठं आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणून इतकं…"

"माझं मन मोठं नाही, आयवर. तू त्या मनाला बिअर पाजलीस म्हणून ते फुगलंय."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. डेलिथ रॉसर पेन हातात धरून बसल्या होत्या. "मिस्टर प्रॉबर्ट," त्या म्हणाल्या, "माझ्या कागदावर एक रकाना आहे. 'या खेळाडूने मागे काय ठेवलं?' पट्टा तर परत गेला. शिकवलेल्यांत विजेता कुणी नाही. मी काय लिहू?"

ब्रिनने चष्मा नीट केला आणि उजव्या तळव्याने उजवा डोळा झाकला. मग समोरच्या भिंतीवरच्या संघाच्या फलकाकडे बघून डाव्या डोळ्याने एकेक नाव वाचायला लागला.

"हे लिहा," तो म्हणाला. "हा डोळा लिहा."

"थांब, थांब!" आयवर ओरडला. त्याला चूक काढल्याशिवाय चैन पडत नसे. "तो फलक तूच रंगवलायस. तुला पाठच असणार!"

आता मात्र खोली हसली, ब्रिनसुद्धा. आणि मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"त्याचं बरोबर आहे," हेडन म्हणाला. "पाठ असेल."

तो पुढे आला. आयवरच्या टेबलावरची ब्रिनची दोन पानं त्याने उचलली, पालथी केली आणि डेलिथबाईंकडून जाड पेन मागून घेतलं. दोन्ही कागदांच्या कोऱ्या बाजूंवर त्याने उभ्या उभ्या अक्षरं काढली, वर मोठी, खाली लहान, अगदी खाली मुंगीएवढी. मग चालत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि कागद छातीशी धरून उभा राहिला.

"वाच."

ब्रिनने उजवा डोळा घट्ट झाकला. "एच," तो म्हणाला. "खाली, के आणि एस. मग आर, व्ही, एन." चौथी ओळ त्याने दम खात वाचली. पाचव्या ओळीवर तो थांबला. मान पुढे केली.

"झेड," तो म्हणाला. "नाही. थांब. एन? मग ओ. नाही, सी असेल. हेडन, नीट दिसत नाही रे."

"अडखळलास?" हेडनने खोलीच्या त्या टोकावरून विचारलं.

"अडखळलो."

"मग खरंच वाचतोयस." आणि हेडन ट्रेहार्नचा आवाज, जो कार्डिफला त्या टाळ्यांतसुद्धा हलला नव्हता, तो इथे हलला. "बस झालं. हात काढ."

ब्रिनने हात काढला, आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डाव्यातून अंमळ जास्तच.

आयवर कॅडोगनने टेबलावर थाप मारली नाही. तो उठला, एवढं पोट सावरत सरळ उभा राहिला आणि साध्या आवाजात म्हणाला, "हॉलला हेडन ट्रेहार्नचं नाव द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी उजवा हात वर करावा."

ब्रिनने सगळ्यांत आधी केला. मग त्याने मान वळवून दोन्ही डोळ्यांनी खोली बघितली. वाकड्या बोटांचे, सुजलेल्या सांध्यांचे, थरथरणारे चाळीस उजवे हात वर होते. खाली होता तो फक्त एक. पलीकडे भिंतीशी हेडनने आपला उजवा हात कार्डिफच्या त्या नऊ फेऱ्यांसारखा हनुवटीशी धरला होता.